माल उत्तम, मांडणी गलथान: हान्यूच्या स्पर्धांच्या सशुल्क दृश्यसंग्रहाचे परीक्षण

फिगर स्केटिंगच्या जुन्या-नव्या स्पर्धांच्या चित्रफिती मासिक वर्गणीवर दाखवणाऱ्या एका सेवेचे सभासदत्व मी तीन महिन्यांपूर्वी घेतले. त्यामागे एकच उद्देश होता. जपानच्या युझुरू हान्यूची कारकीर्द, कुमार गटापासून २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत, एकदा क्रमाने आणि काहीही न वगळता पाहायची होती. तोवर त्याच्याविषयीची माझी माहिती बहुतेकांसारखीच तुकड्यातुकड्यांची होती: दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, चाहत्यांनी बर्फावर फेकलेल्या पिवळ्या अस्वलांच्या खेळण्यांचा पाऊस, डोक्याला पट्टी बांधून स्पर्धेत उतरलेला एक मुलगा, आणि शेवटी, तोवर कोणालाच न जमलेली एक उडी. हे तुकडे एकमेकांना कुठे जोडले जातात ते पाहावे, एवढाच हेतू होता.

सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक आणि हंगामागणिक एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे मला जे दिसले ते दुसऱ्याला त्याच नावाखाली दिसेलच असे नाही. शिवाय पुढे ज्या तक्रारी येणार आहेत त्या थोड्याफार फरकाने या प्रकारच्या कोणत्याही संग्रहाबद्दल करता येतील. निष्कर्ष आधीच सांगून टाकायचा तर माल उत्तम आहे आणि मांडणी गलथान आहे; आणि हान्यूसारख्या खेळाडूच्या बाबतीत मांडणी चुकली की कारकिर्दीचा अर्थच बदलतो.

या संग्रहात प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र पान दिलेले आहे. पानाच्या डोक्यावर ‘ठळक क्षण’ नावाची दहा मिनिटांची जोडफीत असते आणि तिच्याखाली स्पर्धांची यादी येते. ही यादी आपोआप लागते ती लोकप्रियतेनुसार. हान्यूच्या पानावर त्यामुळे २०१८चे प्योंगचांग ऑलिंपिक सर्वांत वर येते, पाठोपाठ २०१५ची बार्सिलोनातली ग्रां प्री अंतिम स्पर्धा आणि २०१४चे सोची ऑलिंपिक. तारखेनुसार क्रम लावण्याची सोय आहे, पण ती एका आडव्या बटणामागे इतकी दडवलेली आहे की मला ती चौथ्या दिवशी सापडली. एवढ्यावर कोणी सेवा सोडणार नाही हे खरे, पण नवा सभासद काय आधी पाहतो आणि काय कधीच पाहत नाही, हे याच बटणावर ठरते.

तारखेनुसार क्रम लावल्यावर पहिली फीत आली ती २०१० सालच्या हेगमधील जागतिक कुमार स्पर्धेची, जी हान्यूने वयाच्या पंधराव्या वर्षी जिंकली. चित्र धूसर आहे, बर्फ निळसर दिसतो आणि मागच्या प्रेक्षकांचे चेहरे विरघळल्यासारखे वाटतात. तरीही मला ही फीत संग्रहातल्या सर्वांत मोलाच्या फितींपैकी वाटते. रशियाचा ऑलिंपिक विजेता येवगेनी प्लुशेंको याला आदर्श मानणारा, त्याच्यासारखेच केस ठेवणारा हा मुलगा मागचा पाय हाताने डोक्याच्या वर ओढून घेत जी गिरकी घेतो ती पुरुषांच्या गटात सहसा दिसत नाही, कारण तेवढी लवचीक पाठ फार थोड्यांकडे असते. उत्तरार्धात मात्र त्याला दम लागलेला दिसतो. हान्यूला दमा लहानपणापासूनचा. सेंदाई शहरात ७ डिसेंबर १९९४ रोजी जन्मलेला हा मुलगा चौथ्या वर्षी मोठ्या बहिणीच्या मागोमाग रिंकवर गेला. तो नऊ-दहा वर्षांचा असताना, २००४ साली, ती रिंकच आर्थिक अडचणींमुळे बंद पडली आणि २००७पर्यंत उघडली नाही. यातले काहीही सेवेच्या पानावर नाही. खेळाडूच्या नावाखाली उंची, जन्मतारीख आणि पदकांची संख्या दिली की परिचय संपला, असा एकूण समज दिसतो.

११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला तेव्हा हान्यू सेंदाईच्या याच रिंकवर सराव करत होता आणि पायातले स्केट न काढताच बाहेर पळाला. कुटुंबाने पुढचे काही दिवस निवारा केंद्रात काढले. रिंक निकामी झाल्यावर त्याने उन्हाळाभर देशातल्या निरनिराळ्या शहरांतल्या बर्फावरच्या प्रयोगांत भाग घेतला, कारण प्रयोगाआधी मिळणारा बर्फ हाच त्याचा सरावाचा बर्फ होता. हे ठाऊक असेल तर पुढच्या वर्षी, २०१२ साली, नीस येथे झालेल्या जागतिक स्पर्धेतला त्याचा फ्री स्केट (स्पर्धेतला दुसरा, लांब कार्यक्रम) पाहण्याचा अनुभव पूर्ण वेगळा होतो.

नीसची ती फीत मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. सतरा वर्षांचा हान्यू शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या, छोट्या कार्यक्रमानंतर, सातव्या स्थानी आहे आणि त्याचा घोटा दुखावलेला आहे. सुरुवातीचा क्वाड टोलूप नेटका उतरतो, मग ट्रिपल ॲक्सल (टोलूप, ॲक्सल, साल्को, फ्लिप, लुत्झ, लूप या उड्यांच्या जाती; ‘क्वाड’ म्हणजे हवेत चार फेऱ्या, ‘ट्रिपल’ म्हणजे तीन), आणि प्रेक्षक हळूहळू त्याच्या बाजूला होऊ लागतात. आणि मग ज्या ठिकाणी काहीच अवघड नाही, उडी नाही की गिरकी नाही, निव्वळ एका घटकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची पावले आहेत, तिथे त्याचे पाते अडते आणि तो सपशेल आडवा होतो. उठतो, दोन-चार ढांगांत वेग परत मिळवतो आणि लगेच ट्रिपल ॲक्सलला ट्रिपल टोलूप जोडून उतरतो. शेवटच्या टप्प्यात त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला मी अभिनय म्हणणार नाही. त्याला १७३.९९ गुण मिळाले, एकूण २५१.०६, आणि कॅनडाचा पॅट्रिक चॅन व जपानचाच दाइसुके ताकाहाशी यांच्या मागोमाग कांस्यपदक.

आता सेवेच्या ‘ठळक क्षणां’त याच कार्यक्रमाचे काय झाले आहे ते पाहा. क्वाड आहे, शेवटची गिरकी आहे आणि पदक स्वीकारतानाचे हसू आहे. मधले पडणे मात्र कापून टाकलेले आहे. ज्याने ही कात्री चालवली त्याला बहुधा वाटले असेल की विजेत्याच्या गौरवफितीत पडण्याला काय काम. पण पडण्यानंतरची ती जोड-उडी ही जोड-उडी म्हणून विशेष नाही. तशा उड्या त्याच स्पर्धेत इतरांनीही मारल्या. दमलेल्या, पाय दुखत असलेल्या, नुकत्याच आपटलेल्या मुलाने ती मारली यात तिचे सारे मोल आहे, आणि तेच नेमके कात्रीखाली गेले आहे. संपूर्ण फीत त्याच सेवेत, चार बोटे खाली, उपलब्ध आहे. तरी सेवा नव्या सभासदाच्या पुढ्यात ठेवते ती कापलेलीच.

दुसरी मोठी तक्रार सोचीची. संग्रह खेळाडूनिहाय लावलेला असल्यामुळे एका स्पर्धेत एकामागून एक उतरलेले खेळाडू वेगवेगळ्या पानांवर विखुरले जातात. १४ फेब्रुवारी २०१४ रोजीचा हान्यूचा ऑलिंपिकमधला फ्री स्केट एकटा पाहिला तर पाहणारा गोंधळून जातो. पहिल्याच क्वाड साल्कोवर तो पडतो, पुढे ट्रिपल फ्लिपवर पुन्हा पडतो, कार्यक्रम संपल्यावर खाली वाकून बर्फावर हात टेकतो; सुवर्णपदक जिंकलेल्या माणसाची ही देहबोली नव्हे. आणि फितीच्या नावात मात्र ‘सुवर्णपदक’ असे छापलेले आहे. याचा उलगडा दोन ठिकाणी आहे. पहिला म्हणजे आदल्या दिवशीचा शॉर्ट प्रोग्रॅम, ज्यात त्याने १०१.४५ गुण मिळवले आणि शॉर्ट प्रोग्रॅममध्ये शंभरी ओलांडणारा तो पहिला पुरुष ठरला. दुसरा म्हणजे त्याच्यानंतर उतरलेल्या पॅट्रिक चॅनचा कार्यक्रम, ज्यात सुवर्ण समोर दिसत असताना चॅनकडून एकामागून एक चुका होत गेल्या. फ्री स्केटमध्ये हान्यूला १७८.६४ आणि चॅनला १७८.१० गुण मिळाले, एकूण २८०.०९ विरुद्ध २७५.६२. म्हणजे दोन पडण्यांनंतरही फ्री स्केट हान्यूनेच जिंकला, तोही निसटता. चॅनची फीत शोधायला मला त्याच्या पानावर जावे लागले, तिथे ती लोकप्रियतेनुसार बरीच खाली गेलेली होती (हरलेल्या कार्यक्रमाला प्रेक्षक कुठून मिळणार), आणि दोन्ही फिती एकापाठोपाठ पाहिल्यावरच त्या रात्रीचा प्रकार कळला. पुरुष एकेरीतले हे आशियातले पहिले ऑलिंपिक सुवर्ण. ते नुसते ‘जिंकले’ असे समजून चालणार नाही, ते कसे हातातून जाता जाता राहिले हेही दिसले पाहिजे. एका स्पर्धेचा शेवटचा गट सलग पाहता येईल अशी एक कळ दिली असती तर काम भागले असते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधली शांघायच्या चीन करंडकाची फीत तर अर्धवटच आहे. सहा मिनिटांच्या सरावात हान्यू आणि चीनचा हान यान हे दोघे भर वेगात एकमेकांवर आदळले, हे त्या स्पर्धेबद्दल सर्वांना ठाऊक आहे. सेवेतली फीत सुरू होते ती थेट डोक्याला पट्टी बांधलेला हान्यू मधोमध उभा राहतो तेथून. का, कशामुळे, काही नाही. तो पाच वेळा पडतो, प्रत्येक वेळी उठतो आणि शेवटी रौप्यपदक मिळवतो. मला स्वतःला तो कार्यक्रम पाहताना कौतुकापेक्षा चीड अधिक आली. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बर्फावर जाऊ देणे योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो विचारलाच पाहिजे. सेवेने या फितीला दिलेले शीर्षक मात्र ‘अदम्य जिद्द’ या अर्थाचे आहे. टक्कर वगळायची आणि जिद्द विकायची, हे काही बरे नाही.

आता कौतुकाचा भाग, आणि तो लहान नाही. २०१५पासूनच्या सर्व फिती अतिशय स्वच्छ आहेत आणि त्या चौकटीगणिक पुढे-मागे सरकवता येतात. ही एक सोय वर्गणी वसूल करून देते. क्वाडमध्ये खेळाडू हवेत असतो तो वेळ पाऊण सेकंदही भरत नाही. सेकंदाला २५ चौकटींच्या फितीत म्हणजे साधारण सतरा-अठरा चौकटी. चार फेऱ्यांत सोळा पाव-फेऱ्या. तेव्हा एक पाव-फेरी म्हणजे जवळपास एक चौकट. उडी ‘अपुरी’ ठरते ती पाव फेरीहून अधिक कमी पडल्यास, आणि अर्धी फेरी वा त्याहून अधिक कमी पडल्यास तिचे मूल्य एक फेरी कमी असलेल्या उडीचे धरले जाते. तांत्रिक पंच एवढ्याशा फरकावर निर्णय देतात, आणि घरी बसून एक एक चौकट सरकवत पात्याचे टोक बर्फाला टेकते त्या क्षणी बुटाची दिशा पाहिली की त्यांच्या कामाबद्दल आदर वाढतो. समालोचक ‘परिपूर्ण’ म्हणून ओरडत असताना एकदा बूट स्पष्टपणे तिरका उतरलेला मी पाहिला. गुणपत्रिकेत तशीच खूण होती.

हीच सोय वापरून त्याचा ट्रिपल ॲक्सल पाहावा. ॲक्सल ही एकमेव उडी पुढे तोंड करून घेतली जाते, म्हणून तिच्यात अर्धी फेरी जास्त पडते. बहुतेक खेळाडू या उडीआधी पाठमोरे लांब सरकत येतात, क्षणभर थांबल्यासारखे होतात, मग पाऊल बदलून पुढे तोंड करतात आणि उडतात. तयारी इतकी दिसते की प्रेक्षकही श्वास रोखून धरतो. हान्यू एका पायावरची वळणे घेत घेत येतो आणि त्या वळणांतूनच उचलला जातो. उतरल्यावरही तोल सावरण्यासाठी थांबत नाही, तोच वेग पुढच्या हालचालीला देऊन टाकतो. चौकटी सरकवत मागे गेलो तरी ‘येथे उडीची तयारी सुरू झाली’ असे बोट ठेवण्याजोगी चौकट मला सापडली नाही.

२०१५च्या नोव्हेंबरमधला जपानमधील नागानो येथील एनएचके करंडक आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी बार्सिलोनात झालेली ग्रां प्री अंतिम स्पर्धा ही संग्रहातली सर्वांत चमकदार जोडी आहे. नागानोत १०६.३३ आणि २१६.०७ मिळून ३२२.४०, पुरुषांच्या स्पर्धेत तीनशेचा आकडा तोवर कोणी गाठलेलाच नव्हता. बार्सिलोनात ११०.९५ आणि २१९.४८ मिळून ३३०.४३. पण सेवेच्या पडद्यावर दिसते ती फक्त बेरीज. मूळ मूल्य किती, नऊ पंचांनी प्रत्येक घटकाच्या दर्जासाठी काय दिले, सादरीकरणाचे गुण किती, हे काहीच नाही. ते पाहायला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सार्वजनिक केलेल्या गुणपत्रिका वेगळ्या उघडून शेजारी ठेवाव्या लागतात. मी तसेच केले. बार्सिलोनाच्या पत्रिकेत दर्जाच्या रकान्यात तेव्हाच्या कमाल तीन या अंकाची जी रांग लागलेली आहे ती चित्राच्या शेजारी ठेवून वाचण्यात निराळीच मजा आहे. फितीखाली ही पत्रिका जोडायला सेवेला काय अवघड होते ते कळत नाही.

आवाजाच्या बाबतीत दोन पर्याय आहेत: इंग्रजी समालोचनासह आणि समालोचनाशिवाय. दुसरा निवडावा, असे मी निःसंकोच सांगेन. समालोचनाशिवायच्या ध्वनीत पात्याची कड बर्फात शिरते तेव्हाचा खरखरीत आवाज, उडी घेताना टोकाच्या दातांनी मारलेला टोला आणि उतरल्यानंतरचे सरकणे स्वच्छ ऐकू येते, आणि चांगला स्केटर व साधा स्केटर यांतला फरक कानानेही कळू लागतो. हान्यूचे उतरणे आश्चर्यकारकपणे हलक्या आवाजाचे आहे. पियानोच्या ज्या एकाच रचनेवर त्याने अनेक हंगाम शॉर्ट प्रोग्रॅम केला, तिथे काही जागी उतरण्याचा आवाज आणि पियानोचा स्वर एकाच वेळी येतात. समालोचक बोलत असता तर ते हरवले असते. कॅमेऱ्याबद्दल मात्र सेवेला दोष देता येत नाही, कारण चित्रण मूळ प्रक्षेपकांचे आहे. तरीही नोंदवून ठेवतो की पावलांच्या मालिकेच्या वेळी चेहऱ्याजवळ जाणारा कॅमेरा ही या खेळाच्या चित्रणातली जुनी खोड आहे. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद बर्फ कापत माणूस चाललेला असताना आपण त्याच्या भुवया पाहत बसतो.

२०१७चे हेलसिंकी आणि २०१८चे प्योंगचांग यांची तुलना या संग्रहामुळे मला प्रथमच नीट करता आली. हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅमनंतर तो पाचवा होता, पहिल्या क्रमांकाच्या, स्पेनच्या हावियेर फर्नांदेझपेक्षा दहा गुणांहून अधिक मागे. त्यानंतरच्या फ्री स्केटमध्ये चार क्वाड, एकही चूक नाही, २२३.२० गुण आणि विजेतेपद. तो कार्यक्रम निर्दोष आहे आणि खरे सांगायचे तर मला दुसऱ्यांदा पाहावासा वाटला नाही. प्योंगचांगचा मात्र चार वेळा पाहिला. नोव्हेंबर २०१७मध्ये ओसाका येथे सरावात क्वाड लुत्झवर पडून उजव्या घोट्याचे अस्थिबंध दुखावले होते, त्यानंतर एकही स्पर्धा न खेळता तो थेट ऑलिंपिकमध्ये उतरला आणि शॉर्ट प्रोग्रॅममध्ये १११.६८ गुण घेऊन पुढे राहिला. फ्री स्केटमधून लुत्झ आणि लूप या दोन्ही क्वाड उड्या वगळलेल्या होत्या. उत्तरार्धातल्या दुसऱ्या क्वाड टोलूपवर तो डगमगतो आणि तिला जोडायच्या उड्या राहून जातात. पुढच्या ट्रिपल ॲक्सलला त्या तो जागच्या जागी जोडून घेतो. म्हणजे संगीत चालू, पाय दुखतो आहे, आणि डोक्यात हिशोब. शेवटच्या ट्रिपल लुत्झवर पुढे झुकलेले शरीर कसे वर राहिले ते चौकटी सरकवूनही समजत नाही. संपल्यावर तो उजवा घोटा हातांनी धरतो. २०६.१७, एकूण ३१७.८५ आणि सलग दुसरे ऑलिंपिक सुवर्ण; १९४८ आणि १९५२ साली सलग दोनदा जिंकलेल्या अमेरिकेच्या डिक बटन यांच्यानंतर ही गोष्ट कोणालाच साधली नव्हती. सेवेच्या पानावर ही फीत सर्वांत वर आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्याखाली ओसाकाचा उल्लेखही नाही, याबद्दल आहे.

आकड्यांच्या बाबतीत एक चूक मात्र सरळ दिशाभूल करणारी आहे. २०१८-१९च्या हंगामापासून गुणपद्धत बदलली: दर्जाचे गुण उणे तीन ते अधिक तीनऐवजी उणे पाच ते अधिक पाच झाले, क्वाडची मूळ मूल्ये घटली, पुरुषांचा फ्री स्केट साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आला आणि उत्तरार्धातल्या सर्वच उड्यांना मिळणारा दहा टक्क्यांचा वाढावा शॉर्टमध्ये शेवटच्या एका व फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांपुरता उरला. जुने विक्रम त्याच वेळी ‘ऐतिहासिक’ म्हणून वेगळे काढण्यात आले, आणि शॉर्ट, फ्री व एकूण हे तिन्ही ऐतिहासिक विक्रम हान्यूच्या नावावर राहिले. सेवेतल्या ‘सर्वोत्तम गुण’ या तक्त्यात मात्र दोन्ही काळांचे आकडे एकाच रांगेत लावलेले आहेत. त्यामुळे नवख्याला वाटते की २०१५ नंतर हान्यू उतरणीला लागला. तो तक्ता पाहूच नये.

२०१९ साली सैतामातल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या नेथन चेनने त्याला मोठ्या फरकाने हरवले, २०२० साली सोलमध्ये चार खंडांची स्पर्धा जिंकून त्याने कुमार आणि वरिष्ठ गटांतली सर्व मोठी विजेतेपदे पूर्ण केली, आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा साथीमुळे रद्द झाली. या काळातल्या फिती पूर्ण आहेत, स्वच्छ आहेत, त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्याजोगे नाही.

बीजिंगची फीत शेवटची. फेब्रुवारी २०२२, शॉर्ट प्रोग्रॅमची पहिली उडी, आणि पाते बर्फातल्या खाचेत गेल्यामुळे क्वाड साल्कोची एकच फेरी झाली. त्या घटकाला शून्य. ९५.१५ गुण, आठवे स्थान. दोन दिवसांनी फ्री स्केटच्या आरंभी त्याने साडेचार फेऱ्यांचा क्वाड ॲक्सल मारला आणि तो पडला. पुढच्या क्वाड साल्कोवरही पडला. त्यानंतरचा सारा कार्यक्रम, जणू काही झालेच नाही अशा शांतपणे, शेवटपर्यंत नेला. मी अर्थात चौकटी मोजल्या. बूट उतरतो तेव्हा फेरी थोडी अपुरी आहे, पण उडी क्वाड ॲक्सलच आहे, आणि पंचांनीही तिला अपुरी अशी खूण करून क्वाड ॲक्सल म्हणूनच नोंदवले. एकूण २८३.२१ गुण, चौथे स्थान. ‘ठळक क्षणां’च्या दहा मिनिटांत बीजिंगला जागा मिळाली आहे ती नऊ सेकंद: तो बर्फाला वाकून नमस्कार करतो तेवढी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने लेक प्लॅसिड येथे ही उडी पहिल्यांदा पूर्ण केली. ती फीत मालिनिनच्या पानावर सर्वांत वर आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची सोय, सांगायला नकोच, नाही.

१९ जुलै २०२२ रोजी त्याने स्पर्धांमधून निवृत्ती घेतली, आणि संग्रह तेथे संपतो. २६ फेब्रुवारी २०२३ रोजी टोकियो डोममध्ये त्याने एकट्याने केलेला प्रयोग, किंवा त्यानंतरचे कोणतेही व्यावसायिक प्रयोग, येथे नाहीत. हक्क वेगळ्यांचे असल्यामुळे ते नसणे समजण्यासारखे आहे. मात्र वर्गणी भरण्यापूर्वीच्या पानावर ‘संपूर्ण हान्यू’ असे म्हटलेले होते, ते म्हणायला नको होते. मी सेवेला दोन पत्रे पाठवली, एक नीसच्या कापलेल्या फितीबद्दल आणि एक गुणांच्या तक्त्याबद्दल. तक्त्याबद्दलच्या पत्राला तीन आठवड्यांनी आभाराचे उत्तर आले. तक्ता आहे तसाच आहे.

तरीही मी वर्गणी आणखी दोन महिन्यांसाठी वाढवली आहे. २०१५चे शांघाय आणि २०१६चे बोस्टन, या दोन जागतिक स्पर्धांत हान्यूला मागे टाकणारा फर्नांदेझ हा टोरोंटोत प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांच्याकडे त्याच्याच शेजारी सराव करत असे, आणि त्या दोन्ही वेळी मी फक्त हरणाऱ्याची फीत पाहिली आहे. फर्नांदेझचे पान उघडल्यावर पहिले काम म्हणजे ते आडवे बटण शोधून तारखेचा क्रम लावणे.